एकट्याने अकरा हंगाम

"हे काढ," मामा म्हणाले आणि त्यांनी कागदावरच्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं.

मी ओळ वाचली. 'सलग अकरा हंगाम पॅनवर साखरेचा दाणा धरण्याचे काम एकट्याने सांभाळले.' चांगली खणखणीत ओळ होती. ती सुचायला मला दोन दिवस लागले होते.

"मामा, हीच तर मुख्य ओळ आहे. ही काढली तर खाली राहतं काय? नाव, पत्ता आणि जन्मतारीख."

"ऱ्हाऊ दे की मग नाव-पत्ता."

"नुसत्या नाव-पत्त्यावर कोण नोकरी देईल?"

मामांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवून तिची घडी सारखी केली आणि परत डोक्यावर घातली. विषय संपला, असं सांगायची त्यांची ती पद्धत होती. लग्न होऊन आलेल्या सात महिन्यांत मला एवढं कळलं होतं. त्या घरातलं बाकीचं फारसं काही कळत नव्हतं, ते सोडा.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मामा म्हणजे माझे सासरे, आनंदा गणपती जगदाळे. आमच्या भागात सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. आमचे हे चाकणला एका कंपनीत होते, पंधरा दिवसांतून एकदा यायचे. आम्ही तिघं साखर कारखान्याच्या कॉलनीत दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. कारखाना दोन हंगाम बंद होता. अंगावर तेलकट कपडे चढवून पाळीवर जाणारा माणूस आता दिवसातून तीनदा अंगण झाडायचा. बावन्नाव्या वर्षी माणसाला असं रिकामं बसलेलं बघवत नाही. आत्या म्हणायच्या, "ह्येनी असं आनि एक वरीस बसलं तर मातीत जातील." त्या हे भाकरी थापता थापता म्हणायच्या, पण खरंच घाबरलेल्या असायच्या.

अशात पेपरात जाहिरात आली. नदीपलीकडच्या नव्या खासगी कारखान्याचा पहिलाच हंगाम चालू होता आणि त्यांना मधेच पॅनमन हवा होता. रस आटवून केलेला पाक पॅन नावाच्या एका अजस्र बंद भांड्यात चढवतात. त्या पाकात साखरेची बारीक भुकटी बी म्हणून नेमक्या कोणत्या घडीला सोडून दाणा धरायचा, हे पॅनमन ठरवतो. घाई केली तर दाण्याची भुकटी होते, उशीर केला तर सगळा गोळा होतो. लग्न झाल्यापासून कॉलनीतल्या बायका माझी ओळख 'पॅनवाल्या आनंदाची सून' अशीच करून द्यायच्या, अकरा हंगाम त्यानंच दाणा धरला म्हणायच्या, त्यामुळे मला वाटलं, ही जाहिरात देवानं मामांसाठीच छापली.

जाहिरातीत शेवटी लिहिलं होतं, सोबत रेझ्युमे जोडावा. हा शब्द घरात फक्त मला माहीत होता. मी बी.कॉम. झालेली, वर कॉम्प्युटरचा क्लास केलेला. क्लासच्या पुस्तकात रेझ्युमेवर आख्खा धडा होता. 'कष्टाळू, होतकरू, निर्व्यसनी असे शब्द लिहू नका, ते सगळेच लिहितात. तुम्ही काय केले ते आकड्यासह लिहा. आणि आम्ही नव्हे, मी असे लिहा. मालकाला तुम्ही हवे आहात, तुमची टोळी नको.' मला तो धडा तोंडपाठ होता. तो असा सासऱ्यांसाठी कामाला येईल असं मात्र वाटलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सावरत सासऱ्यांच्या समोर बसून बोलायची माझी ती पहिलीच वेळ. मला मनातून फार बरं वाटत होतं. आता आपण ह्या घरच्या झालो, असं काहीतरी.

आणि घोडं चौथ्या ओळीवर अडलं.

पुरावा असला की मामा ऐकतील, असा मी विचार केला आणि ते अंगणात असताना त्यांची पत्र्याची पेटी उघडली. नेमणुकीचं पत्र सापडलं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर, पद खलाशी. पुढची पत्रं काढली. खलाशी, खलाशी, खलाशी. कारखान्यात खलाशी म्हणजे पॅनमनच्या हाताखाली व्हॉल्व्ह फिरवणारा, पाकाचा नमुना बघायची काच पुसणारा, झाडलोट करणारा माणूस. सत्तावीस हंगाम हा माणूस कागदावर खलाशी होता.

पण खरी गंमत खाली होती. मामांच्याच वळणदार अक्षरातल्या दोन अर्जांच्या कार्बन कॉप्या. दोन्हींचा मजकूर जवळजवळ एकच. 'मला पॅनमन पदावर बढती नको. आहे त्या जागेवर श्री. चौगुले यांच्या पाळीत ठेवावे ही विनंती.' मधे चार वर्षांचं अंतर. म्हणजे बढती दोनदा चालून आली होती आणि दोन्ही वेळा ह्यांनी हात जोडून परत पाठवली होती.

मी कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. आत्यांनी ते बघितले आणि त्यांचा चेहराच बदलला.

"ठेव जाग्यावर ते."

"आत्या, एवढंच सांगा. आपल्या कारखान्यात दाणा कोण धरायचं?"

"तुझं मामाच धरायचं की."

"आणि चौगुले आण्णा? ते तर पॅनमन होते ना?"

"ते बी धरायचं."

"दोघं कसे धरतील? एका पाळीला पॅनमन एकच असतो."

"तव्यावरली करपाय लागली बघ," आत्या म्हणाल्या. तव्यावर भाकरीच नव्हती. दुधाचं पातेलं उतू चाललं होतं. तेवढ्यात मामा आत आले, त्यांनी ते पातेलं दोन्ही हातांनी धरून खाली ठेवलं, फडकंबिडकं काही घेतलं नाही आणि पाण्याचा तांब्या उचलून परत गेले. मी बघतच राहिले. आत्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

आता माझा सगळा राग चौगुले आण्णांवर जाऊन बसला. आण्णा आमच्यापासून दोन क्वार्टर सोडून राहायचे. बायको वारलेली, मुलगी सासरी. साठीला टेकलेले, उंच, पांढऱ्या स्वच्छ धोतरातले. कॉलनीत सगळे त्यांना वाकून असायचे. रोज संध्याकाळी मामा त्यांना फिरायला न्यायचे आणि आण्णा सबंध वाटभर मामांच्या खांद्यावर हात टाकून चालायचे. जहागीरदारानं चालावं तसं. आता मला त्या हाताचा अर्थ लागला, असं वाटलं. काम करायचं खलाशानं आणि नाव लावायचं ह्यांनी. बढतीच्या वेळी ह्यांनीच मामांकडून ते अर्ज लिहून घेतले असणार. मामा भिडस्त, त्यांनी लिहून दिले असणार. मी सरळ उठले आणि आण्णांच्या दारात जाऊन उभी राहिले.

आण्णा भिंतीला टेकून शेंगदाणे निवडत होते. कुजके एका बाजूला, चांगले सुपात. बघत होते समोरच्या लिंबाकडे, बोटं आपली चालूच.

"कोण? रोहिणी? ये की बाळ. पायताण नवं घेतलंस वाटतं."

"आण्णा, मामांचा रेझ्युमे लिहितेय. नोकरीसाठी. अनुभव काय लिहू?"

"लिही की. दाणा धरतोय म्हणून लिही."

"किती वर्षं?"

आण्णांची बोटं थांबली. "अकरा हंगाम."

"एकट्यानं?" मी मुद्दाम विचारलं. मला त्यांना जरा टोचायचंच होतं.

त्यांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाले, "व्हय. एकट्यानं लिही. माझं नाव कुठं घालू नगंस. आणि आनंदाला इचारीत बसू नगंस, त्यो लिवू द्यायचा न्हाई."

मनात खात असणार, म्हणून बोलतोय म्हातारा, असं मला वाटलं. पण मग मामा का अडवतायत? ज्यानं खाल्लं तो म्हणतो लिही आणि ज्याचं गेलं तो म्हणतो काढ. घरी येईपर्यंत मी ह्याच कोड्यात होते. शेवटी मी हात टेकले आणि पुस्तकाच्या बाजूनं गेले. मामांना दाखवायला एक कागद केला, त्यात चौथी ओळ नव्हती. त्यांनी त्यावर सही केली. पाकिटात दुसरा कागद घातला, त्यात ती ओळ होती आणि खाली मी मामांची सही गिरवली होती. होय, गिरवली. त्यात मला काही गैर वाटलं नाही. मी एका भोळ्या माणसाला त्याचा हक्क मिळवून देत होते.

सहाव्या दिवशी पत्र आलं. सोमवारी सकाळी दहाला, प्रत्यक्ष काम दाखवण्यासाठी हजर राहावे.

"नाव-पत्त्यावर बलिवलं?" मामा पत्र उलटसुलट करून बघत म्हणाले.

"तुमचं नावच तसं असेल," मी म्हटलं. आत्यांनी देवापुढे साखर ठेवली. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

सोमवारी मी सोबत निघाले, कागदपत्रं माझ्याकडे म्हणून. एस.टी. स्टँडवर बघते तर चौगुले आण्णा इस्त्रीचं धोतर, कोट घालून हजर. मामांनीच बोलावलं होतं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्यानं आयुष्यभर नाव खाल्लं, त्याला मुलाखतीला कशाला न्यायचं? वाटेत आण्णा नेहमीसारखे मामांच्या खांद्यावर हात ठेवून होते. दोघंही चेहऱ्यावरून परीक्षेला चाललेले दिसत होते. परीक्षा एकाची आणि घाम दोघांना, हे काय, मला कळेना.

प्रॉडक्शन मॅनेजर भोईटे साहेब चाळिशीतला, घाईतला माणूस होता. त्यांनी खुर्ची दाखवली, कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. "सलग अकरा हंगाम. एकट्याने. व्वा."

मामांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला परवडलं असतं. राग नव्हता.

"चला वर," साहेब उठले. "पॅन चढतोय, अर्ध्या तासात दाणा धरायचाय. आमचा पाकाचा घट्टपणा दाखवणारा मीटर बिघडलाय, म्हणून तर हातानं पाक ओळखणारा माणूस शोधतोय. धरून दाखवा, आजच ऑर्डर देतो."

मामा उठले नाहीत. "साहेब, आण्णास्नी संगं वर येऊ द्या."

"हे कोण?"

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आण्णा खाली बघत होते. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. नोकरी हातातून निसटताना मला समोर दिसत होती आणि दोघंही दगड झालेले. मग मीच बोलले.

"पाहुणे आहेत आमचे. नुसते सोबतीला आलेत."

"मग त्यांना खाली बसू दे. वर परक्या माणसाला नेता येत नाही."

"व्हय साहेब," आण्णा लगेच म्हणाले, "पाव्हणाच हाय मी. जा आनंदा."

मामा गेले. जाताना लोखंडी जिन्यावर त्यांचे पाय जड पडत होते.

आम्ही दोघं ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर परातीएवढं घड्याळ. आण्णांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होतं, सारखं, आपोआप. थोड्या वेळानं ते म्हणाले, "बाळ, किती वाजलं?"

मी घड्याळाकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. त्यांची नजर बरोबर घड्याळावरच होती.

"आण्णा, समोर तर आहे घड्याळ."

"आसंल."

"तुम्हाला दिसत नाही?"

"उजेड कळतोय. माणसाची सावली कळती. काचबिंदू म्हणाला डाक्टर." ते अगदी सहज बोलत होते. "आमच्या कॉलनीत समद्यांस्नी ठावं हाय. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

नव्हतं सांगितलं. माझ्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. लिंबाकडे बघत शेंगदाणे निवडणारी ती बोटं, माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखणं, खांद्यावरचा तो हात. सात महिने माझ्या डोळ्यांसमोर होतं सगळं.

"म्हणजे अकरा हंगाम दाणा मामांनीच धरला ना? मग मी लिहिलं ते खरंच आहे."

"कसं खरं आसंल? डोळं त्येचं, हात माझा. आनंदाच्या बोटांवरनं वाफ गेली हुती, ऐंशीच्या आसपास. दोन्ही हाताची बोटं भाजली. कातडी आली परत, पर जाण आली न्हाई. तापलेलं भांडं उचलतोय, काय बी कळत न्हाई त्येला. पाक बोटात धरून त्येची तार बघावी लागती. तार कळल्याबिगर दाणा कवा सोडायचा ते कळत न्हाई, आणि दाणा सोडल्यावर काचेवर बघितल्याबिगर त्यो बसला का न्हाई ते कळत न्हाई. तार मी सांगायचो, काच त्यो बघायचा. साहेब लोकांस्नी काय, साखर चांगली पडती एवढंच दिसायचं. माझं डोळं गेलं म्हणून कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरला पाठवलं असतं मला. आणि आनंदाला पॅनमन केलं असतं तर त्येला दुसऱ्या पाळीत टाकलं असतं. एकटा त्यो काय करणार, आणि एकटा मी काय करणार? म्हणून त्येनं खलाशीच ऱ्हायचं ठरीवलं."

"आणि तुम्ही मला 'एकट्यानं' लिहायला सांगितलंत!"

"माझं संपलंय गं. त्येचं तरी हुईल असं वाटलं. म्हटलं, हितं हाय तसल्या बोटांनी बी निभावंल." आण्णांनी मान हलवली. "चूकच केली."

"आण्णा, मग आत्ता मामा वर काय करतायत?"

"काय करंल? काचंवर डोळा लावून उभा आसंल. आणि कुणालातरी तार इचारावी म्हणून मागं बघत आसंल."

त्या क्षणी मला काय करावं ते खरोखर कळेना. वर जाऊन सांगितलं तर नोकरी गेली. नाही सांगितलं तर आख्खा पॅन बिघडणार आणि मामांना त्या परक्या लोकांसमोर, मला काही येत नाही, असं म्हणावं लागणार. सत्तावीस वर्षं काम केलेल्या माणसाला. माझ्या एका ओळीपायी. मला रडू आलं. मग मी आण्णांचा हात धरला आणि ओढतच त्यांना जिन्याकडे नेलं.

"किती पायऱ्या हायत ते मोज," ते म्हणाले. "उतरताना लागतील."

वर वाफेचा, पाकाचा गोड उग्र वास कोंडला होता. मामा पॅनसमोर उभे होते, हातात काचेची पट्टी, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. भोईटे साहेब शेजारी हात बांधून. मामा खरोखरच मागं वळून बघत होते.

"साहेब," मी म्हटलं. माझा आवाज त्या यंत्रांच्या आवाजात मलाच ऐकू येईना, म्हणून मी ओरडले. "साहेब, तो कागद चुकीचा आहे! एकट्यानं नाही. ह्या दोघांचा मिळून एक पॅनमन होतो! सही पण मामांची नाही, मी केलीय!"

साहेब माझ्याकडे, मग आण्णांकडे बघत राहिले. त्यांचाही पार गोंधळ उडालेला दिसत होता. ते काहीतरी कडक बोलणार होते, पण मामा थांबले नाहीत. त्यांनी सळई आत घालून पाकाचा नमुना काढला आणि आण्णांच्या हातात दिला.

"आण्णा, बघ बरं लवकर."

आण्णांनी दोन बोटांत पाक धरला. चिमूट उघडली, मिटली, उघडली. "एक. अजून कच्चा हाय. वाफ जरा."

मामांनी व्हॉल्व्ह फिरवला. दुसरा नमुना. "थांब." तिसरा. "थांब म्हणतोय न्हवं." चौथ्या नमुन्याला आण्णांचा चेहरा एकदम उजळला. "दोन आली! सोड!"

दाणा सोडला. आता काच मामांच्या डोळ्यांसमोर, दिव्याच्या उजेडात. "बसतोय... बसतोय... डाव्या अंगाला बारीक पडाय लागलं आण्णा."

"पाणी दी. घुटभर."

"दिलं. इरघळलं. एकसारखा बसला." मामा हसले. मी त्यांना पहिल्यांदाच असं हसताना बघत होते. दोघं एकमेकांशी जेवायला बसल्यासारखं बोलत होते. आम्ही तिथं असल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

भोईटे साहेबांनी काच स्वतःच्या हातात घेतली. बराच वेळ बघितली. मग त्यांनी नमुना बोटांत धरून बघितला, परत काच बघितली.

खाली ऑफिसात आल्यावर ते माझ्याशी आधी बोलले. "तुम्ही केलंत ते वाईट केलंत. सही गिरवणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?" मी मान खाली घातली. मग ते मामांकडे वळले. "असा दाणा ह्या हंगामात आमच्या पॅनवर पडला नव्हता. पण जागा एक आहे. आणि ह्यांना मी वर येऊ देऊ शकत नाही, उद्या वाफेत पडले तर काय करू? तुमचा डोळा मला हवाय. हाताचं काय, मीटर पंधरा दिवसांत दुरुस्त होऊन येतोय. तोपर्यंत मी उभा राहीन शेजारी."

हाताचं काय. आण्णांनी आपला उजवा हात कोटाच्या खिशात घातला. मला त्या साहेबांचा संताप आला, आणि ते काहीच खोटं बोलले नव्हते म्हणून अजूनच आला.

मामा म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या साहेब. आण्णाबिगर मी न्हाई येत."

"आनंदा, गप."

"न्हाई आण्णा. मला जमायचं न्हाई."

"अकरा हंगाम माझ्यासाठनं खलाशी ऱ्हायलास का न्हाई? तवा मी तुला न्हाई म्हटलं न्हाई. आता मी पाव्हणा ऱ्हातो, तू न्हाई म्हणू नगंस." मग ते साहेबांच्या आवाजाच्या दिशेनं वळले. "साहेब, ह्येचं ऐकू नगा. येत्या सोमवारपासनं येतोय ह्यो."

परतीच्या एस.टी.त मी मामांची माफी मागितली. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुला ठावं न्हवतं, पोरी. आमी सांगाय पायजे हुतं." एवढंच. आण्णा पुढच्या सीटवर बसले होते. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

शनिवारी सकाळी आण्णा आमच्या दारात आले, एकटे, भिंतीला हात लावत.

"रोहिणी, माझा बी एक लिही."

"काय आण्णा?"

"त्येच ते. रेझ्युमे."

"कुठं पाठवायचाय?"

"कुठं न्हाई. कोण घेतंय आता. पर बघू तरी, माझ्या नावाखाली लिवण्यासारखं काय हाय का."

मी वही घेऊन बसले. कॉम्प्युटर नको, हातानंच लिही म्हणाले. बाळगोंडा दादा चौगुले. तेहतीस हंगाम. पुस्तकातला धडा मी ह्या वेळी आठवला नाही, ते सांगतील तसं लिहीत गेले. बोटात पाक धरला की तार कळते. पहिल्या बावीस हंगामांत दोन पॅन बिघडवले, नंतर एकही नाही. शेवटचे अकरा हंगाम दिसत नव्हतं.

"हे लिहू, आण्णा? दिसत नव्हतं ते?"

"लिही. आता कुणाला भ्यायचं?"

मला पुढचं अक्षर नीट दिसेना. डोळे पुसले. "आता शेवटी एक नाव लागतं. ज्यानं तुमचं काम जवळून बघितलंय असा माणूस. मालकाला वाटलं तर तो त्याला विचारतो, ह्यांना खरंच येतं का म्हणून."

"आनंदा जगदाळे."

मामा आतल्या खोलीत सोमवारसाठी जुने बूट पुसत होते. ते हातातला बूट तसाच घेऊन दारात आले.

मी नाव लिहिलं. "आणि हुद्दा?" असं विचारलं आणि थबकले. पेटीतल्या सगळ्या कागदांवर एकच हुद्दा होता. नव्या जागेवर मामा अजून रुजू झाले नव्हते.

"पॅनमन," आण्णा म्हणाले.

"आण्णा, सोमवार अजून यायचाय."

"मी इतका काळ पॅनवर उभा हुतो, मला ठावं की तुला? पॅनमन लिही. आणि कवापासनं ते बी लिही. अकरा हंगाम."

मी लिहिलं. मामा बूट हातात धरूनच उंबऱ्यावर बसले आणि खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घालून रडले.